स्पंदन नेमके कोणत्या ताऱ्याचे, हे कसे ओळखावे

शर्मिष्ठा तारकासमूहातील आरझेड या तारासंस्थेत (परस्परांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या गटात) सुमारे 1.2 दिवसांनी होणारे पिधान, म्हणजे एका ताऱ्याने दुसऱ्याला झाकणे, आणि सुमारे 22 मिनिटांची स्पंदने, म्हणजे ताऱ्याच्या स्वतःच्या कंपनाने होणारे तेजाचे चढउतार, एकाच प्रकाशवक्रात (वेळेनुसार तेज दाखवणाऱ्या आलेखात) मिसळलेली दिसतात. संस्थेत तिसरा किंवा चौथा ताराही असेल, तर स्पंदन कोणाचे, हे ठरवणे हेच मुख्य काम होऊन बसते.

त्यासाठी केपलर किंवा टेस या अवकाश दुर्बिणींची खुली निरीक्षणे घ्यावीत. स्पंदने जलद असल्यास अर्ध्या तासाच्या अंतराची निरीक्षणे कामाची नाहीत. टेसचा एक पिक्सेल आकाशाचा सुमारे 21 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) रुंदीचा भाग व्यापतो, म्हणून शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश त्यात आलेला नाही ना, हे आधीच पाहावे. त्यानंतर कक्षीय आवर्तकालानुसार (ताऱ्यांच्या एका फेरीच्या काळानुसार) निरीक्षणे एकावर एक रचून पिधानाची गणिती प्रतिकृती बसवावी, ती वजा करावी आणि उरलेल्या प्रकाशाचे फूरिए विश्लेषण करावे, म्हणजे त्यात कोणत्या वारंवारतांचे चढउतार आहेत ते गणिताने वेगळे काढावे. मिळालेली स्पंदने मूळ प्रकाशवक्रातून काढून प्रतिकृती पुन्हा बसवावी, आणि दोन्ही उत्तरे स्थिरावेपर्यंत हे चक्र चालू ठेवावे. कक्षीय वारंवारतेच्या पूर्ण पटीत येणाऱ्या वारंवारतांवर लगेच विश्वास ठेवू नये, कारण त्या बहुधा नीट वजा न झालेल्या पिधानाच्या खुणा असतात. क्वचित त्या भरती-ओहोटीच्या बलाने उठलेली खरी स्पंदनेही असतात.

खरी कसोटी पिधानाच्या वेळी लागते. एक तारा पूर्ण झाकला जाताच स्पंदन नाहीसे झाले, तर ते त्याचेच. मुख्य (जास्त खोल) आणि दुय्यम (कमी खोल) अशा दोन्ही पिधानांत ते जसेच्या तसे राहिले, तर संशय तिसऱ्या ताऱ्यावर जातो. ही तुलना प्रतीच्या (ताऱ्याची तेजस्विता सांगणाऱ्या लॉगॅरिदमिक मापाच्या) एककात मात्र कधीही करू नये. पिधानात एकूण प्रकाश घटतो, त्यामुळे न बदललेले स्पंदनही प्रतीत मोठे दिसते. मोजमाप फ्लक्समध्येच, म्हणजे पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या थेट मोजणीतच ठेवावे. पिधान खंडग्रास असेल, तर निष्कर्ष जपून काढावा, कारण ताऱ्याच्या बिंबाचा काही भागच झाकला गेल्याने काही अत्रिज्यीय स्पंदने (ज्यांत बिंबाचे वेगवेगळे भाग वेगवेगळे कंप पावतात) उलट ठळक होतात.

संशय पक्का करायचा, तर वेळा तपासाव्यात. प्रकाशाला एक खगोलीय एकक अंतर कापायला सुमारे 499 सेकंद लागतात. म्हणून स्पंदणारा तिसरा तारा आणि पिधानकारी जोडी परस्परांभोवती फिरत असतील, तर जोडी आपल्या जवळ असताना तो तारा दूर असतो, आणि पिधाने लवकर येऊ लागतात तेव्हा स्पंदने उशिरा येतात. अल्गोल या प्रसिद्ध पिधानकारी संस्थेच्या तिसऱ्या ताऱ्याची कक्षा सुमारे 680 दिवसांची आहे, तेव्हा टेसच्या 27 दिवसांच्या एका निरीक्षण-सत्रात अशी कक्षा सापडणार नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या वेळा एकत्र कराव्या लागतात.