रस्ता ओतण्याआधी विचारा: ले-आऊटच्या निर्णयात सगळ्यांना आणायची पद्धत

मी नागपुरात मानेवाड्याच्या पुढे एका ले-आऊटमध्ये राहते आणि दुकानदारांचे हिशेब लिहिते. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, तो कित्येक घरांच्या जोत्यापेक्षा उंच. पाऊस आला की पाणी आधी अंगणात, मग समोरच्या खोलीत. तक्रारी फोनवर झाल्या, अ‍ॅपवर झाल्या, कागदावरही झाल्या. पण एकदा ओतलेले सिमेंट तक्रारीने खाली जात नाही. म्हणून आता बाजूच्या गल्ल्यांसाठी आम्ही काम सुरू होण्याआधीच लोकांचे म्हणणे गोळा करतो. ते कसे करायचे, हे खाली लिहिते आहे. रस्त्याऐवजी तुमच्याकडे नाली, बगिचा किंवा कचऱ्याचे संकलन केंद्र असेल, तरी पद्धत हीच चालेल.

आधी मूळ दुखणे काय ते सांगते. नागपुरात महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते. तरी जवळपास चार वर्षे शहराला नगरसेवक नव्हते, सगळा कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात नागरिकाला एकच भूमिका उरली, ती तक्रारदाराची. आता नगरसेवक आहेत, पण चार सदस्यांच्या प्रभागात नेमके कुणाला धरायचे हे अनेकांना कळत नाही. २०२४ च्या लोकसभेला नागपुरात मतदान सुमारे ५४ टक्के झाले, म्हणजे जवळपास निम्मे लोक त्या एका दिवशीही आले नाहीत. आळशी म्हणून त्यांना नावे ठेवणे मला पटत नाही. मत दिल्यानंतर पाच वर्षे आपल्याला कुणी काही विचारत नाही, हा त्यांचा अनुभव खरा आहे.

तक्रारीचे अ‍ॅप उपयोगी आहे, दिवा बंद पडला तर जरूर वापरा. पण तिथे निर्णय झाल्यानंतरचेच बोलता येते. आपल्याला त्याआधी पोचायचे आहे.

रस्ता कुणाचा आहे?

हा प्रश्न नागपुरात सोपा नाही. महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग, मेट्रो, कुणाचाही असू शकतो. त्यातून तुमचे ले-आऊट ५७२ किंवा १९०० च्या यादीतले, म्हणजे सुधार प्रन्यासाने नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत ले-आऊटपैकी असेल, तर प्रन्यासाची कागदपत्रे बऱ्याच घरांत असतात, ती काढा. झोन कार्यालयात जाऊन रस्त्याचे नाव, सुरुवात आणि शेवट लेखी विचारा. तोंडी उत्तरावर पुढचे काम रचू नका. चुकीच्या कार्यालयाला दिलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो आणि तोवर इकडे गिट्टी येऊन पडते.

काम येते आहे हे आधी कसे कळेल?

राज्य सरकारच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर निविदा सर्वांना पाहता येतात. संस्थेचे नाव निवडा आणि कामाच्या नावात आपला प्रभाग, ले-आऊट किंवा चौक शोधा. ले-आऊटमधल्या कॉलेजच्या मुलामुलींना हे काम द्या, आठवड्यातून एकदा पाहिले तरी पुरते. महापालिकेचा अर्थसंकल्प एप्रिलपासून लागू होतो, म्हणजे त्यात काही घालायचे असेल तर मागणी दिवाळीच्या सुमारास गेली पाहिजे. पुण्याच्या महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामे सुचवून घ्यायला सुरुवात केली. तशी रीतसर सोय नसली तरी पत्र द्यायला कुणी अडवत नाही.

तिसरी वाट हरकतींची. विकास आराखड्यात बदल असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ खाली हरकती-सूचना मागवाव्या लागतात. झाडे तोडायची असतील तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली जाहीर सूचना द्यावी लागते आणि तिची मुदत फार थोडी असते. अजनीच्या रेल्वे वसाहतीतली झाडे प्रकल्पासाठी तोडायचा प्रस्ताव आला, तेव्हा शहरभरातून लोकांनी लेखी हरकती नोंदवल्या. सूचना वर्तमानपत्रात छापून येते, पण आतल्या पानावर, बारीक अक्षरात. तिचा फोटो काढून गटावर टाकणारा एक माणूस प्रत्येक ले-आऊटमध्ये हवा.

मोजा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत घरात पाणी शिरले. त्या पहाटेचे व्हिडिओ लोकांच्या फोनमध्ये ढिगाने होते. पण व्हिडिओ पाहून साहेब हळहळतो, आकडा पाहिला की त्याला उत्तर द्यावे लागते.

रस्त्यासाठी मोजमाप असे करा. एखाद्या मिस्त्रीला लेव्हल पाईप घेऊन बोलवा. ती पारदर्शक नळी पाण्याने भरतात, आत बुडबुडा राहू देत नाहीत. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येते. हलणार नाही अशी एक खूण शून्य धरा: पुलियाचा कोपरा किंवा विजेच्या खांबाचा चौथरा. तिथून प्रत्येक घराच्या जोत्याची पातळी, रस्त्याच्या मधोमधची पातळी आणि नालीच्या तळाची पातळी इंचात लिहा. गडरलाईनच्या, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीच्या, चेंबरची झाकणेही मोजा, कारण रस्ता उंचावला की ती एक तर गाडली जातात, नाही तर खड्ड्यात जातात. ठिकाण आणि तारीख फोटोवरच उमटवणारी अ‍ॅप फुकट मिळतात. त्यांनी प्रत्येक घरासमोर एक फोटो घ्या. मग गुगल माय मॅप्सवर घरागणिक खूण टाका: पाणी शिरते तिथे लाल, अंगणापर्यंत येते तिथे पिवळी. त्या नकाशावर नावे आणि फोन नंबर मात्र घालू नका. तो कुठवर जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

हे एका रविवारचे काम आहे आणि त्यात सगळ्यात जास्त माणसे आपणहून सामील होतात. आपल्या घराचा आकडा प्रत्येकालाच हवा असतो.

विचारा, पण व्हॉट्सअ‍ॅप गटावर नाही

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळा घोळ इथेच होतो. गटावर दोनशे माणसे असली तरी बोलतात सात-आठ. पक्षाचा विषय निघाला की दोघे भांडतात आणि बाकीचे गट म्यूट करतात. ज्येष्ठ काकाजींनी एक मत लिहिले की त्यांच्याविरुद्ध कुणी लिहीत नाही. गटातला पोलही नावासकट दिसतो, म्हणून लोक शेजाऱ्याचे पाहून बोट ठेवतात. गट ठेवा, पण फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल असा, सूचना देण्यापुरता.

मत घेण्यासाठी पोल डॉट आयएस नावाचे, फोनवर लिंकने उघडणारे मुक्त साधन आहे. तैवानमध्ये व्ही-तैवान या उपक्रमात २०१५ साली उबरच्या टॅक्सीसेवेचे नियम कसे असावेत यासाठी ते वापरले गेले. त्यात एकेक छोटे वाक्य समोर येते आणि तुम्ही सहमत, असहमत किंवा पास म्हणता. तुम्हाला स्वतःचे वाक्य घालता येते. कुणाच्या वाक्याला उत्तर मात्र देता येत नाही, त्यामुळे भांडणाला जागाच उरत नाही. कोण कुणासारखे मत देतो यावरून ते गट पाडते आणि वेगवेगळ्या गटांनाही कोणती वाक्ये मान्य आहेत ते दाखवते. मला हे शेवटचे फार मोलाचे वाटते. बहुमत मोजले की हरलेले चाळीस टक्के घरी जातात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

वाक्ये मराठीतच लिहा, एका वाक्यात एकच गोष्ट. आमची काही वाक्ये अशी होती:

आधी नाली, मग रस्ता.
जुना डांबरी थर खरवडल्याशिवाय नवा रस्ता करू नये.
नवा रस्ता सर्वांत खालच्या जोत्यापेक्षा सहा इंच तरी खाली राहावा.
दोन्ही बाजूंना पाणी मुरायला माती सोडावी, गाडी लावायची जागा कमी झाली तरी चालेल.

शेवटच्या वाक्यावर सरळ दोन तट पडले. गाडीवाल्यांना भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट हवे होते. विहीर, बोअर आणि कडुनिंब असलेल्यांना माती हवी होती. पण थर खरवडण्याला दोन्हीकडचे लोक सहमत निघाले. गटावर वर्षभर बोलूनही हे दिसले नसते, कारण तिथे बोलणे मातीवरच अडकले होते.

आपल्या विदर्भाला ही रीत परकी नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे. तिथली ग्रामसभा निर्णय सर्वसहमतीने घेते आणि त्याआधी अभ्यासगटात विषय समजून घेते. २००९ मध्ये त्यांनी जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. शहरात रात्री झाडाखाली सगळ्यांना बसवणे जमत नाही, तेवढ्यापुरते फोनचे साधन घ्यायचे.

आणि फोनवर न येणाऱ्यांचे काय? आमच्या शेवटच्या गल्लीत धुण्याभांड्याला जाणाऱ्या एक मावशी आहेत. पाणी सर्वांत आधी त्यांच्या घरात शिरते. त्या म्हणाल्या, ‘‘आमाले कोन विचारते बाई?’’ त्यांचे मत लिंकने कधीच आले नसते. म्हणून तीच वाक्ये मोठ्या अक्षरात छापून घरोघरी न्या, वाचून दाखवा, खूण करून घ्या आणि संध्याकाळी तक्त्यात भरा. घरातल्या एकाच पुरुषाचे मत घेऊन निघू नका. पाणी उपसणाऱ्या बाईला वेगळे विचारा. भाडेकरूंनाही विचारा, खालचा मजला बहुधा त्यांचाच असतो. शंभरेक घरांचे ले-आऊट असेल तर नुसत्या कागदावरही सगळे निभते. साधनासाठी अडून राहू नका.

मागणी कशी द्यायची

एक पान पुरे. वर कामाचे नाव, खाली सर्वांना मान्य झालेल्या दोन-तीन मागण्या, मग किती घरांना विचारले आणि किती सहमत, सोबत पातळ्यांचा तक्ता आणि नकाशा. ज्यावर एकमत नाही तेही एका ओळीत लिहा. एकाच बाजूचे पत्र गेले की दुसरी बाजू आपले वेगळे पत्र देते आणि दोन्ही फाईलमध्ये पडून राहतात. प्रत झोनच्या अभियंत्याला आणि प्रभागाच्या चारही सदस्यांना द्या, पक्ष न पाहता. पोच घ्या.

सोबतच माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करा. शुल्क १० रुपये, राज्याच्या संकेतस्थळावरून ऑनलाइनही होतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘रस्ता उंच का केला’ असे विचारू नका. कागद मागा: अंदाजपत्रक, मंजूर नकाशा, प्रस्तावित पातळी दाखवणारा रस्त्याचा छेद, कार्यादेश. उत्तराला ३० दिवस. आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नागपुरातच आहे. छेदाचा कागद हाती आला की आपल्या तक्त्याशेजारी ठेवा. कुणाच्या जोत्यावर रस्ता चढणार हे तिथेच दिसते आणि काम सुरू होण्याआधी अभियंत्यासमोर बोलता येते.

उत्तर होकारार्थी असो वा नकारार्थी, ते तसेच्या तसे गटावर टाका आणि घरोघरी कागदावर मत दिलेल्यांना वाचून दाखवा. हे कधीही टाळू नका. आपण दिलेल्या मताचे पुढे काय झाले ते कळले, तर माणूस दुसऱ्यांदा दार उघडतो. काम झाले तर पहिल्या जोराच्या पावसानंतर त्याच शून्य खुणेवरून, त्याच घरांसमोर पुन्हा मोजा. नवे आकडे जुन्या रकान्याशेजारी लिहा आणि बाजूच्या गल्लीची निविदा दिसेल तेव्हा पत्रासोबत हा तक्ता जोडा.