कोठीची मोडी वही कशी वाचावी? आधी आकडे, मग अक्षरं

मोडी शिकायची तर बाराखडीचा तक्ता भिंतीला लावा नि रोज दोन पानं गिरवा, असं कुणीही सांगतं. पत्रं वाचायची असतील तर ठीक आहे. पण हाती कोठीची वही असेल, म्हणजे तांदूळ, गहू, तूप, गूळ किती आलं नि किती गेलं याचा जमाखर्च, तर तक्त्याने फक्त मान अवघडते. शिरोरेघ कारकुनाने आधीच ओळभर ओढून ठेवलेली, शब्दांमध्ये जागा नाही, लेखणी उचललेली नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा तर प्रश्नच नाही. तक्त्यातलं देखणं अक्षर तिथे भेटतच नाही. आकडे मात्र देवनागरीच्या जवळचे असतात. तिथून सुरुवात करा.

पानांचे फोटो काढा, मूळ वही मिटून ठेवा.

मग पानाची ठेवण पाहा. आपल्याला बेरीज तळाशी शोधायची सवय असते. इथे ती वर असते आणि खाली तिची फोड. मध्ये ‘बि॥’ दिसलं की तो ‘बितपशील’, म्हणजे पुढे तपशील. वरचा आकडा आणि खालची फोड जुळली, तर तुमचं वाचन बरोबर. पत्र वाचताना अशी खात्री करून देणारं कुणी नसतं.

आता त्या दोन उभ्या रेघा. आकड्यापुढे एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण: ‘२।’ सव्वादोन, ‘१॥’ दीड. रुपयांत एक उभी रेघ चार आण्यांची. सुटे आणे आडव्या किंवा तिरप्या रेघांनी दाखवतात. पण त्याच दोन उभ्या रेघा अक्षरापुढे आल्या की तो शब्द तोडल्याची खूण असते: ‘मौ॥’ मौजे, ‘क॥’ कसबे, ‘गु॥’ गुजारत, म्हणजे कुणाच्या हातून. आकड्यापुढे अर्धा, अक्षरापुढे संक्षेप. हे मला कुणीच धड सांगितलं नव्हतं. पहिल्या वहीत मी गावोगावी अर्धा अर्धा मण वाटत सुटलो होतो.

खरी गोची मात्र मापांची, आणि तिथे घाई करू नका. एका पानावर वर तांदूळ २। मण आणि खाली फोड: १॥ मण आणि ९ पायल्या. मी शाळेत शिकलेलं गणित लावलं, ४० शेरांचा मण, ४ शेरांची पायली. वर आले ९० शेर, खाली ६० आणि ३६ मिळून ९६. सहा शेर जास्त! दोन दिवस मी ९ चा १ करून पाहिला, रेघा पुन्हा मोजल्या, भिंगाखाली शाईचे डाग तपासले. शेवटी मनातल्या मनात त्या कारकुनाला चोर ठरवून मोकळा झालो.

चोर नव्हता, मीच कच्चा होतो. ४० शेरांचा मण वजनाचा. धान्य मात्र मापाने मोजत, त्याला ‘कैली’ म्हणत, आणि कैली मण १२ पायल्यांचा, म्हणजे ४८ शेरांचा. आता पाहा: वर २७ पायल्या, खाली १८ आणि ९. चोख. शब्द कळला नाही तरी चालेल, पण ‘कैली’ की ‘वजन’ हे ठरल्याशिवाय बेरजेला हात लावू नका. तूप-गुळाला वजन, धान्याला कैली, हा अंदाज बहुधा लागू पडतो. मापं मुलखाप्रमाणे बदलतात, म्हणून दुसऱ्या गावच्या वहीतलं कोष्टक आंधळेपणाने लावू नका. त्याच वहीत जुळणारी एक फोड शोधा आणि तिच्यावरून कोष्टक बांधा. २० मणांची खंडी, २ शेरांची अधोली, अर्ध्या शेराचं मापटं, पाव शेराचं चिपटं, एवढं जवळ लिहून ठेवा. जुळत नसेल तर आधी स्वतःवर संशय घ्या, कारकुनावर सगळ्यात शेवटी.

तारखेत आणखी एक खड्डा आहे. पेशवाईतल्या कागदांत साल अरबी शब्दांत येतं आणि एकं आधी येतात: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००. हे सुहूर सन ११६१. हे मृगसाल, म्हणजे जूनच्या सुमारास मृग नक्षत्राला सुरू होणारं, म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढे ६००. पानिपताचा जानेवारी १७६१ याच सालात पडतो, लक्षात ठेवायला सोपं. सांभाळायचं ते ‘सितैन’ साठ आणि ‘तिसैन’ नव्वद यांच्यात. घाईच्या हातात अक्षरं पुढेमागे वाचली गेली की वही तीस वर्षं सरकते. ‘सबा’ सात आणि ‘सबैन’ सत्तर यांचंही तसंच.

जिन्नसांची नावं शेवटी. एखादं नाव अजिबात लागत नसेल तर चौकटी कंसात टिंबं टाका आणि पुढच्या महिन्याचं पान उघडा. कोठीच्या याद्या बहुधा ठरलेल्या क्रमाने चालतात. तांदळानंतर तिसऱ्या ओळीत जे या महिन्यात चिरडलेलं आहे, ते पुढच्या महिन्यात, लेखणी नुकतीच तासलेली असताना, स्वच्छ ‘तूर’ म्हणून बसलेलं असतं.