व्याजदर वाढवला म्हणून बँकेत जाताय? आधी ही तयारी करा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका

परवा धुळ्याहून दिराचा फोन आला. त्याच्या पर्सनल लोनचा हप्ता आहे तेवढाच आहे, पण शेवटच्या हप्त्याची तारीख पाच महिने पुढे गेलीय. बँकेने काही कळवलं नाही, त्याला अ‍ॅपमध्ये दिसलं म्हणून समजलं. "उद्या जाऊन मॅनेजरशी बोलतो," म्हणाला. मी म्हटलं, थांब, नुसतं बोलायला जाऊ नकोस. मी नुसती बोलायला गेले होते, पाच वेळा गेले, आणि त्याचं काय झालं ते पुढे सांगते. त्याच्यासाठी लिहायला बसले ते इथे सगळ्यांसाठीच लिहितेय.

आधी कर्ज बदलत्या दराचं, म्हणजे फ्लोटिंग आहे का ते बघा. बरीचशी पर्सनल लोन ठरावीक दराची असतात. तसं असून दर वाढला असेल तर तक्रार सरळ आहे, करारात ठरलेला दर दाखवा. फ्लोटिंग असेल तर पुढचं वाचा.

कागद. मंजुरीपत्र, करारनामा, कर्ज घेतल्या दिवसापासूनचा पूर्ण खातेउतारा. ऑक्टोबर २०२४ नंतरचं कर्ज असेल तर मुख्य तथ्य विवरणपत्र, ज्याला बँकेत केएफएस म्हणतात, तेही. हे तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं. करारनामा मात्र बहुधा इंग्रजीत आणि भला जाड. सगळा वाचत बसू नका. बेंचमार्क काय (ज्या मूळ दराला तुमचा दर बांधलाय तो), स्प्रेड किती (त्यावर बँक जी टक्केवारी चढवते ती) आणि रीसेट कधी (तुमचा दर पुन्हा ठरवायची वेळ), एवढ्या तीन जागा शोधा आणि पेन्सिलने खूण करा. करारनाम्याची प्रत हातात नसेल (माझ्या नव्हती, सह्या घेऊन फाइल आत गेली ती गेली) तर लेखी अर्ज करून मागा. आणि त्या अर्जाचीही पोच घ्या. हो, प्रत मागायच्या अर्जाचीसुद्धा.

आता हिशेब, आणि इथे घाई करू नका. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी दिलेली फ्लोटिंग पर्सनल लोन बाहेरच्या बेंचमार्कला जोडलेली असतात, बहुतेक ठिकाणी रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला. तुमचा दर म्हणजे रेपो अधिक स्प्रेड. रेपो रिझर्व्ह बँक ठरवते, त्याच्यावर भांडण होत नाही. स्प्रेडवर होतं. स्प्रेडमधला बँकेच्या खर्चाचा वगैरे भाग तीन वर्षांत एकदाच बदलता येतो. कमी करायला आता त्याआधीही मुभा आहे. कर्जदाराच्या जोखमीचा जो भाग असतो तो तुमची पत खरोखर बदलली तरच, आणि तेही करारात तसं लिहिलं असेल तरच. म्हणून एका वहीच्या पानावर चार रकाने आखा: तारीख, त्या दिवशीचा रेपो, तुमचा स्प्रेड, बँकेने लावलेला दर. रेपोचे आकडे देते. मे २०२० पासून ४ टक्के. २०२२ मध्ये ४ मेला ४.४०, ८ जूनला ४.९०, ५ ऑगस्टला ५.४०, ३० सप्टेंबरला ५.९०, ७ डिसेंबरला ६.२५. मग ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५० आणि तिथे तो दोन वर्षं बसून राहिला. उतरला तो २०२५ मध्ये: फेब्रुवारीत ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५०, डिसेंबरमध्ये ५.२५.

माझं कर्ज जानेवारी २०२२ चं, घराच्या स्लॅबसाठी घेतलेलं पाच लाखांचं. रेपो ४, स्प्रेड ७, दर ११ टक्के. रेपो अडीचने वाढला म्हणजे २०२३ मध्ये साडेतेरा व्हायला हवे होते. माझ्या उताऱ्यावर सव्वाचौदा होते. हा पाऊण टक्का कुठून आला, एवढाच माझा प्रश्न होता. हे गणित मी पहिल्या भेटीत घेऊन गेलेच नव्हते. "व्याज फार वाढलंय हो साहेब" एवढंच म्हणत राहिले, आणि ते म्हणाले, "ताई, सगळ्यांचंच वाढलंय." त्यांचं खरंच होतं. अडीच टक्के सगळ्यांचेच वाढले होते, माझं भांडण उरलेल्या पाऊण टक्क्याचं होतं आणि तो मी बोलूनच दाखवला नाही.

तेव्हा "दर जास्त आहे" असं लिहू नका. दर किती लावायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि तसल्या तक्रारीत लोकपालही, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी, हात घालत नाही. करारात असं लिहिलंय, प्रत्यक्षात तसं लावलंय, फरक इतका आहे, असं लिहा. रेपो उतरला तेव्हा तुमचा दर उतरला का तेही बघा. रीसेट निदान तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवं. चढताना लगेच आणि उतरताना सहा महिन्यांनी, असं उताऱ्यावर दिसत असेल तर त्या ओळींवर खूण करा.

इथे एक सावधगिरी. हे स्प्रेडचे नियम फायनान्स कंपन्यांना लागू नाहीत, नागरी सहकारी बँकांनाही नाहीत. त्यांच्याबाबतीत करारनाम्यात जे लिहिलंय त्यावरच चालायचं.

पण रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक बँक, सहकारी बँक, फायनान्स कंपनी सगळ्यांना लागू आहे, आणि ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत जुन्या कर्जांनाही ते लावायचं होतं. दर वाढल्याने हप्ता किंवा मुदत वाढणार असेल तर लगेच कळवलं पाहिजे. हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायचा हक्क कर्जदाराचा. दर तीन महिन्यांनी विवरणपत्र मिळालं पाहिजे: मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ते किती राहिले, वार्षिक दर काय. ठरावीक दरात बदलून घ्यायचा पर्यायही त्यात होता, पण ऑक्टोबर २०२५ पासून तो द्यायचा की नाही हे बँकेवर सोडलंय, त्यावर फार विसंबू नका.

निवडीचा मुद्दा किरकोळ समजू नका. पाच लाख, पाच वर्षं, ११ टक्के म्हणजे हप्ता १०,८७१ रुपये. सुरुवातीपासूनच १३ टक्के धरले आणि हप्ता वाढवला तर तो ११,३७७ होतो, साठ महिन्यांत साधारण ३० हजार जास्त जातात. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली तर चार हप्ते वाढतात, म्हणजे ४३ हजारांच्या वर. न विचारता मुदत वाढवणं म्हणजे हे वरचे तेरा हजार न विचारता घेणं. दिराच्या तक्रारीचा पहिला मुद्दा मी हाच लिहायला सांगितलाय.

बँकेचे एसएमएस आणि मेल पुसू नका. जुना मोबाइल देऊन नवा घेणार असाल तर आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. "आम्ही कळवलं होतं" हे उत्तर येणारच. एखादा हप्ता चुकला असेल तर त्याचा दंड व्याजदरातच मिसळलाय का तेही तपासा. २०२४ पासून दंड वेगळा दाखवायचा असतो, व्याजात नाही. सिबिलचा अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद आणि पतीचा स्कोअर, वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढा. "तुमचा स्कोअर घसरला" म्हणाले तर उत्तर हातात असू द्या.

अर्ज एका पानाचा. कर्ज खाते क्रमांक, तक्ता, फरकाची रक्कम, आणि काय हवंय ते: दर करारानुसार करा, जादा घेतलेलं व्याज मुद्दलात जमा करा, लेखी उत्तर द्या. रागाची वाक्यं काढून टाका. दोन प्रती काढा. दुसरी प्रत कशासाठी? पोचेसाठी.

आता पोच. एप्रिल ते नोव्हेंबर २०२३ मी पाच वेळा शाखेत गेले. मे महिन्याच्या उन्हात चोपड्याहून एसटीने जाऊन, शाळेच्या सुट्ट्या त्यात घालवून. मॅनेजर चांगले होते, बसवायचे, पाणी द्यायचे, "हेड ऑफिसला कळवलंय" म्हणायचे. तिसऱ्या वेळी मी अर्जही लिहून नेला. त्यांनी वाचला, ड्रॉवरमध्ये ठेवला, मी नमस्कार करून उठले. घरी आल्यावर शेजारचे नाना, पोस्टातून रिटायर झालेले, त्यांनी एवढंच विचारलं, "बेटा, पोच कोठे शे?" मी म्हटलं, नाना, ओळखीचे आहेत, पोच कशी मागायची? पुढे लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली आणि ती बंद झाली, कारण आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा माझ्याकडे पुरावाच नव्हता. परत शाखेत गेले तर त्या मॅनेजरांची बदली झालेली. नवे म्हणाले, "आमच्या रेकॉर्डला तुमचा काही अर्ज दिसत नाही." आठ महिने शून्यावर आले. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची ताकद राहिली नव्हती. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून मी कर्ज फेडून टाकलं. पाऊण टक्का गेला तो गेला.

म्हणून सांगते, तुमच्या प्रतीवर बँकेचा गोल शिक्का, तारीख, सही, आणि आवक क्रमांक. नुसती सही चालणार नाही, तारखेशिवायचा शिक्काही नाही. तारीख त्यांच्या हाताने, तुमच्यासमोर. "ठेवून जा, साहेब आले की बघतील" म्हणाले तर ठेवून जाऊ नका. "तुमचा विश्वास नाही का" म्हणाले तर "तुमच्यावर आहे, पण मला कागद लागतो" म्हणा आणि उभे राहा. ओळखीचा असला तरी, नात्यातला असला तरी. देतच नसतील तर अर्ज घेऊन परत या आणि स्पीड पोस्टने पाठवा, एक शाखेला, एक बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला. त्यांचं नाव-पत्ता शाखेतल्या फलकावर असतो. पोस्टाची पावती आणि पोचल्याची ट्रॅकिंगची प्रिंट, ही तुमची पोच. मेल केला तर बँकेकडे नोंदवलेल्या आयडीवरूनच, आणि तक्रार क्रमांकाचं उत्तर जपा, ती पोच. फोनवर बोललात तर पोच नाही, म्हणजे बोललाच नाहीत असं समजा. शाखेच्या पायऱ्या उतरायच्या आधी शिक्क्याचा फोटो काढा.

हप्ते मात्र थांबवू नका. भांडण चालू असताना हप्ता बाउन्स झाला तर दंड वेगळा, सिबिल वेगळं, आणि बँकेला बोलायला जागा. "तक्रार राखून हप्ता भरत आहे" अशी ओळ अर्जात घाला.

पोचेवरच्या तारखेपासून ३० दिवस मोजा. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल: सीएमएस पोर्टलवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ऑनलाइन तक्रारीच्या साइटवर, किंवा चंदीगडच्या केंद्राला पत्राने. चौकशीला १४४४८. फी नाही. वकिलामार्फत करू नका, स्वतःच्या नावाने करा. कोर्टात तोच विषय चालू असेल तर घेत नाहीत. सोबत पोच जोडा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही, त्या सहकार खात्याखाली येतात. तालुक्याचे सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक. तिथेही पोच.

ग्राहक आयोग शेवटी. राहत्या जिल्ह्यात दाखल करता येतं, जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही असाल तिथे. मुदत दोन वर्षं.

कर्ज दुसरीकडे हलवायचं ठरलं तर वैयक्तिक फ्लोटिंग कर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. नव्या बँकेची प्रक्रिया फी तेवढी विचारा.

दीर सोमवारी जातोय. त्याला दोन प्रती आणि निळा पेन घेऊन जायला सांगितलंय, आणि शिक्क्याचा फोटो आला नाही तर मी फोन करणार आहे.