घरी म्युझिक व्हिडिओंची बैठक भरवायची असेल तर

यादी करायला बसलात की पहिल्या दहा मिनिटांत पन्नास गाणी सुचतात. तिथेच हात आवरा. घरच्या बैठकीत दहाच्या वर व्हिडिओ चालत नाहीत, अकराव्याला माणसं मोबाइल काढतात. मी पोटासाठी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, त्यामुळे बघणारा नेमका कुठे कंटाळतो हे मला झोपेतही सांगता येईल. (मंगलाष्टकं. तिसऱ्या कडव्यापासून.) मी आणि माझी जोडीदारीण पुण्यातल्या आमच्या फ्लॅटवर दर पावसाळ्यात अशी एक संध्याकाळ करतो. विषय ठरलेला: गे आणि लेस्बियन गायक-गायिकांचे पॉप आणि ऑल्टरनेटिव्ह व्हिडिओ. कसं करता, काय लावता, असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी वही घ्या. प्रत्येक व्हिडिओसमोर दोन तारखा लिहा: व्हिडिओ कधी आला आणि गाणारा माणूस स्वतःबद्दल जाहीरपणे कधी बोलला. सगळी गंमत या दोन तारखांमधल्या अंतरात असते. ज्याने आधीच सांगून टाकलंय तो कॅमेऱ्याकडे एका तऱ्हेने बघतो, ज्याचं सांगायचं राहिलंय तो दुसऱ्या तऱ्हेने. दिग्दर्शक कोण हेही लिहा. पेट शॉप बॉइजचा १९८७चा ‘इट्स अ सिन’ घ्या. त्यांचा गायक नील टेनंट १९९४ मध्ये एका मासिकाच्या मुलाखतीत उघडपणे बोलला, म्हणजे व्हिडिओनंतर सात वर्षांनी. पण दिग्दर्शक होता डेरेक जार्मन, जो तेव्हा पुरता आउट होता, म्हणजे आपण गे असल्याचं उघड सांगितलेला, आणि स्वतःच्या एचआयव्हीबद्दलही लपवाछपवी न करणारा. त्याने टेनंटला चर्चच्या न्यायासनापुढे आरोपी म्हणून उभं केलं आणि सात महापापं एकेक करून पडद्यावर आणली. गाणाऱ्याने जे अजून म्हटलं नव्हतं, ते दिग्दर्शकाने कपडेपटातून आणि मशालींतून म्हणून टाकलं. तारखा न बघता हा व्हिडिओ लावलात तर नुसतं भपकेबाज नाटक दिसतं.

तारखा झाल्या की जोड्या लावा. सालवार क्रमाने लावत गेलात तर शाळेच्या स्नेहसंमेलनातलं अहवालवाचन होतं. मी पत्रिका जुळवायला बसल्यासारखी दोन-दोन व्हिडिओ शेजारी ठेवून बघते: कोण कुणाला उत्तर देतंय, कोण कुणाला खोटं पाडतंय.

पहिली जोडी हसवणारी हवी, कारण लोक अवघडलेले असतात, कुणी कुणाला नीट ओळखत नसतं. क्वीनचा १९८४चा ‘आय वॉण्ट टू ब्रेक फ्री’ लावा. गुलाबी टॉप, काळा मिनीस्कर्ट, जाडजूड मिशा आणि हातात व्हॅक्यूम क्लीनर घेतलेला फ्रेडी मर्क्युरी दिसला की खोली मोकळी होते. फ्रेडी जाहीरपणे कधीच आउट झाला नाही. २३ नोव्हेंबर १९९१ला एड्स झाल्याचं निवेदन काढलं आणि दुसऱ्या दिवशी गेला. मग तो या यादीत कसा, असं कुणीतरी विचारतंच. विचारू द्या, त्यासाठीच तो पहिला लावायचा. बायकांचे कपडे घालायची कल्पना त्याची नव्हतीच, ड्रमर रॉजर टेलरच्या तेव्हाच्या जोडीदारणीची होती. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या ब्रिटिश मालिकेची ती टिंगल होती. ब्रिटनमध्ये लोक पोट धरून हसले, अमेरिकेत मात्र एमटीव्हीला ते पचलं नाही. फ्रेडीचा खरा जीव ओतलेला भाग मधला आहे, रॉयल बॅलेच्या नर्तकांबरोबरचा, ज्यासाठी त्याने मिशासुद्धा उडवल्या. तिथे व्हिडिओ थांबवून पाहुण्यांना विचारा, यातलं धाडसाचं काय वाटतं, स्कर्ट की बॅले? आमच्याकडे इथेच कुणीतरी फ्रेडी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकल्याचं काढतं आणि गाडी स्ट्रॉबेरीवर घसरते. दोन मिनिटं घसरू द्यावी.

लगेच पाठोपाठ इरेजरचा १९९२चा ‘टेक अ चान्स ऑन मी’. इरेजर म्हणजे दोघंच: अँडी बेल पहिल्यापासून उघडपणे गे, विन्स क्लार्क नाही, आणि दोघंही ॲबा या स्वीडिश बँडच्या दोन गायिका होऊन नटलेले. कपडे तेच, पण क्वीनच्या व्हिडिओत चौघं बायकांच्या वेषाची थट्टा करतायत आणि इथे अँडी बेल तो वेष मिरवतोय. बघणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही.

आता ‘स्मॉलटाउन बॉय’. ब्रॉन्स्की बीट, १९८४, दिग्दर्शक बर्नार्ड रोझ. तिन्ही वादक-गायक गे आणि पहिल्या दिवसापासून तसं सांगणारे, म्हणजे वहीत दोन तारखांमध्ये अंतरच नाही. याला जोडी लावू नका, एकटाच ठेवा. आणि पहिल्यांदा आवाज बंद करून लावा. हो, जिमी सॉमरव्हिलचा तो टिपेचा आवाजसुद्धा बंद. लोक कुरकुरतील. पण आवाज असला की आपण गाणं ऐकतो आणि चित्र नुसतं समोरून जातं. एडिटिंगला बसताना मीही पहिली फेरी मुकीच बघते, त्यात कोण कुणाकडे बघतंय ते उघडं पडतं.

पाहुण्यांना सांगा, पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात फक्त नजरा धरा. जिमी सूर मारणाऱ्या पोराकडे बघतो. पोरगा परत बघतो, हसतो. त्या हसण्याचा अर्थ जिमी एक लावतो आणि निघतो भलताच, कारण पुढे टोळकं त्याला गाठून मारतं आणि त्या टोळक्यात हाच पोरगा असतो. मग पोलीस त्याला घरी आणून सोडतो. आई-वडिलांना पोराबद्दल कळतं ते असं, पोलिसाच्या तोंडून. निघायची वेळ येते तेव्हा वडील पैसे देतात. जिमी हात पुढे करतो. वडील हात देत नाहीत.

हा शॉट मी पाहुण्यांना दोनदा दाखवते. किती छोटा आहे बघा. संगीताचा ठोका तिथे थांबत नाही, क्लोजअप रेंगाळत नाही, कुणी ओरडत नाही. माझ्याकडे लग्नाच्या फुटेजमध्ये असे शॉट शेकड्यांनी येतात: पाकीट दिलेलं, नजर दुसरीकडे. गिऱ्हाईक म्हणतं तो तुकडा काढा. रोझने तो ठेवला, आणि ठेवून पुढे गेला. शेवटी आगगाडीत जिमीला दोस्त भेटतात, म्हणून तो व्हिडिओ रडका होत नाही.

दुसऱ्या फेरीला आवाज चालू करा आणि मग माहिती द्या, आधी नको. ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे त्याचं नाव ‘द एज ऑफ कन्सेण्ट’. आतल्या कव्हरवर त्यांनी युरोपातल्या देशांची यादी छापली होती, पुरुषांमधल्या संबंधांना कायद्याने कुठे कितव्या वर्षी परवानगी आहे त्याची. ब्रिटनमध्ये तेव्हा त्यासाठी वयाची अट २१ होती, स्त्री-पुरुषांसाठी १६. गाणं ब्रिटनच्या तक्त्यात तिसऱ्या क्रमांकावर गेलं. म्हणजे ज्या देशात २० वर्षांच्या दोन मुलांना यासाठी पोलीस पकडू शकत होते, त्या देशात घराघरांत हे वाजत होतं. आमच्या बैठकीत इथे कुणीतरी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं आपलं कलम ३७७ काढतंच. ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाआधी आम्ही ही संध्याकाळ खिडक्या लावून करायचो, पावसाळ्यात, पंखा पाचवर. आता खिडक्या उघड्या असतात आणि तक्रार फक्त आवाजाची येते.

इथे मध्यंतर घ्या. खाणं मध्यंतरातच द्या. चिवडा, भडंग, वेफर्स व्हिडिओ चालू असताना फिरवू नका, ‘स्मॉलटाउन बॉय’च्या मुक्या फेरीत तर मुळीच नको, कुरकुर सगळ्या खोलीला ऐकू जाते. आम्ही इडली-चटणी ठेवतो. बिनआवाजी पदार्थ.

मध्यंतरानंतरची जोडी जरा गंभीर. आर.ई.एम.चा ‘लूझिंग माय रिलिजन’ (१९९१) आणि के. डी. लँगचा ‘कॉन्स्टण्ट क्रेव्हिंग’ (१९९२). पहिल्याचा दिग्दर्शक तरसेम सिंग, आपला जालंधरचा. त्याने गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या पंखवाल्या म्हाताऱ्याच्या गोष्टीवरून कल्पना उचलली, काराव्हाज्योच्या चित्रांतला उजेड उचलला, बाणांनी विंधलेला संत सेबास्टियन आणि हिंदू देवता एका व्हिडिओत बसवल्या. हिंदी कॅलेंडरं बघत वाढलेल्या डोळ्यांना त्यातली झाक चटकन कळते. गायक मायकेल स्टाइप या सगळ्यात हातपाय झटकत एका खोलीत नाचतो, आणि स्वतःबद्दल मोकळं बोलायला त्याला अजून तीनेक वर्षं होती. एमटीव्हीने हा वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरवला. लँग १९९२ मध्येच आउट झाली, म्हणजे व्हिडिओच्याच वर्षी. मार्क रोमानेकने तिच्या व्हिडिओत ‘वेटिंग फॉर गोदो’चा १९५३चा पॅरिसमधला पहिला प्रयोग उभा केला. प्रयोग पुढे चाललाय आणि लँग मागे, विंगेत गातेय. प्रायोगिक नाटकवाली मंडळी आली असतील तर इथे चर्चा आटोक्यात ठेवणं तुमच्या हातात नाही. मी घड्याळ दाखवते.

मग जॉर्ज मायकेल, दोनदा. एकाच माणसाचे दोन व्हिडिओ, मध्ये एक अटक. १९९०चा ‘फ्रीडम! ’९०’ डेव्हिड फिंचरने केला आणि त्यात जॉर्ज दिसतच नाही. गाण्यावर ओठ हलवतात नाओमी कॅम्पबेल, लिंडा इव्हँजेलिस्टा, ख्रिस्टी टर्लिंग्टन, तात्याना पॅटिट्झ, सिंडी क्रॉफर्ड. त्याची ओळख झालेलं चामड्याचं जॅकेट जळतं, ज्यूकबॉक्स फुटतो. चेहरा लपवायचा आणि आवाज ठेवायचा, असा तो व्हिडिओ. पुढे एप्रिल १९९८ मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या एका बागेतल्या स्वच्छतागृहात साध्या वेषातल्या पोलिसाने त्याला पकडलं. दंड झाला, समाजसेवेची शिक्षा झाली, आणि त्याने टीव्हीवर जाऊन सांगितलं की मी गे आहे. त्याच वर्षी ‘आउटसाइड’ आला.

इथे थांबून पहिला बदल दाखवा: एक सार्वजनिक मुतारी. टाइल्स, भांडी, सगळं जसं असतं तसं. आणि मग ती भांडी गर्रकन फिरतात, आरसे होतात, वरून डिस्कोचा चमचमता गोळा उतरतो आणि जॉर्ज पोलिसाच्या गणवेशात नाचू लागतो. ज्या जागेवरून त्याला लाज आणायचा प्रयत्न झाला तीच त्याने नाचायला घेतली. शेवटी दोन पोलीस एकमेकांचं चुंबन घेतात. माझ्या आईने हा आमच्याकडे बघितला तेव्हा ती ७८ची होती. बघून म्हणाली, “हा नाचतो बरा, पण गणवेशाला इस्त्री नाही.” एवढंच. घरातली मोठी माणसं बसणार असतील तर ‘आउटसाइड’आधी सांगून ठेवा की सुरुवातीला जरा अंगप्रदर्शन आहे, आणि मग त्यांचं त्यांना ठरवू द्या. उठून गेले तरी बिघडत नाही.

राहिले तीन. परफ्यूम जीनियसचा ‘हूड’ (२०१२) छोटा आहे: किरकोळ अंगाचा माइक हॅड्रियस (परफ्यूम जीनियस म्हणजे हाच) आणि भलादांडगा आर्पाद मिक्लोश. हा दांडगा त्याचे केस विंचरतो, चेहरा रंगवतो. मिक्लोश गे पोर्नमधला नट, पण इथे काहीही ‘तसलं’ नाही. तरी यूट्यूबने त्याच काळात या दोघांच्या मिठीची छोटी जाहिरात नाकारली होती. ही माहिती व्हिडिओ संपल्यावर द्या आणि लोकांना विचारा, यात आक्षेपार्ह काय होतं. अगदी शेवटी लिल नॅस एक्सचा ‘मॉण्टेरो’ (२०२१) लावा. तो जून २०१९ मध्ये आउट झाला, तेही ‘ओल्ड टाउन रोड’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर असताना. व्हिडिओत तो सगळी सोंगं स्वतःच करतो, खांब धरून थेट नरकात घसरतो, सैतानाच्या मांडीवर नाचतो आणि शेवटी त्याची मान मोडून शिंगं स्वतःच्या डोक्यावर चढवतो. ‘इट्स अ सिन’मधल्या आरोपीला ३४ वर्षांनी मिळालेलं हे उत्तर आहे. म्हणून मी ‘इट्स अ सिन’ ‘मॉण्टेरो’च्या अगदी आधी घेते. ‘हूड’ त्या दोघांच्याही आधी.

आता किरकोळ पण महत्त्वाचं. सगळे व्हिडिओ कलाकारांच्या अधिकृत चॅनेलवरून घ्या, प्लेलिस्ट करून ठेवा, ऑटोप्ले बंद करा. जाहिराती नसलेली वर्गणी महिनाभर घेतलीत तर बरं, नाहीतर वडिलांनी हात न देण्याच्या शॉटनंतर प्रेशर कुकर येतो. एचडीएमआय केबल आदल्या दिवशी लावून बघा. टीव्हीचा आवाज पोकळ असतो, ब्लूटूथ स्पीकरला ओठ आणि आवाज मागेपुढे होतात. तारेचा स्पीकर शोधा.

फोटो काढायचे नाहीत, हे दारातच सांगा. आलेल्यांपैकी काहींनी घरी सांगितलेलं नसतं. आणि चर्चेत कुणी कुणाला “मग तू?” असं विचारणार नाही, हेही सांगून टाका. माणसं व्हिडिओबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलतात, बोलायचं असेल तर. नसेल तर इडली आहेच.

दहा संपल्यावर कुणीतरी “अजून एक” म्हणतंच. त्यासाठी ट्रॉय सिव्हानचे २०१५चे तीन व्हिडिओ राखून ठेवा: ‘वाइल्ड’, ‘फूल्स’, ‘टॉक मी डाउन’. दिग्दर्शक टिम मॅटिया. शेजारी राहणाऱ्या दोन पोरांची ही एकच गोष्ट तीन तुकड्यांत आहे, लहानपणापासून सुरू होणारी. क्रम बदलू नका आणि मध्ये थांबू नका. तिसरा फार जड आहे. एकटं परत जाणारं कुणी असेल, किंवा साडेदहा वाजून गेले असतील, तर पहिले दोनच लावा आणि तिसरा पुढच्या वेळी, चहाच्या आधी.