भुताखेतांच्या मालिकेत शोक कसा लिहावा

मेलेलं माणूस परत येऊ शकतं असं प्रेक्षकाला वाटलं, की शोकातला जीवच जातो. म्हणून मी आधी ठरवते: कोण कधीच परतणार नाही. मग तो नियम टीआरपीसाठीही मोडत नाही.

'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' या अमेरिकी मालिकेतला २००१ चा 'द बॉडी' हा भाग बघाच. राक्षस मारणाऱ्या मुलीची आई नैसर्गिक मृत्यूने जाते. सूड घ्यायला शत्रूच नाही, पार्श्वसंगीतही नाही. गालिच्यावरच्या उलटीवर ती मुलगी पेपर टॉवेल टाकते आणि तो भिजताना बघत राहते. काय ताकद आहे त्यात!

रडारडीचे संवाद कापा, हातांना काम द्या: समजा, आत्म्यांना मुक्त करणारी तुमची नायिका मेलेल्या भावाचा मोबाइल रोज चार्जिंगला लावते. आणि शोकाने तिचा एखादा निर्णय बदलू द्या. एरवी लगेच मुक्त केला असता असा आत्मा ती आता अडवून ठेवते, भावाची खबर विचारायला. हे तिच्या तोंडून मात्र वदवू नका.