ओव्हरीची दुर्मीळ गाठ पसरते तेव्हा: या चुका टाळा

२००८ साली माझ्या मोठ्या वहिनींच्या पोटातून 'गोळा' काढला. घरात तोच शब्द राहिला. नारळाएवढा होता म्हणून दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताने दाखवायचा. त्या गोळ्याचं नाव काय, हे कुणी विचारलं नाही, आणि ज्या कागदावर ते लिहिलं होतं तो कागद प्लॉटच्या रजिस्ट्रीसोबत लोखंडी पेटीत गेला.

तेरा वर्षांनी, २०२१ मध्ये, यकृताजवळ आणि ओटीपोटात मिळून चार गाठी दिसल्या. सुईने तुकडा काढला. रिपोर्ट आला: पेशी कॅन्सरच्या आहेत, मूळ कुठलं ते सांगता येत नाही. मग मुळाचा शोध सुरू झाला. जठराची दुर्बीण, आतड्याची दुर्बीण, मॅमोग्राफी. सव्वा महिना त्यात गेला. प्रत्येक टेबलावर विचारत होते, "आधी काही ऑपरेशन?" आणि प्रत्येक टेबलावर आम्ही सांगत होतो, "पिशवी काढली, गोळा होता." शेवटी दादाने पेटी उपसली. पिवळ्या पडलेल्या कागदावर टाइप केलं होतं: ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर, म्हणजे ओव्हरीतली एक दुर्मीळ गाठ.

तेव्हापासून वस्तीतल्या, नात्यातल्या बायकांच्या फाइली घेऊन नागपूरच्या मेडिकल कॉलेजला, धंतोलीच्या, जामठ्याच्या हॉस्पिटलांत जाणं हे माझं कामच झालं आहे. मी डॉक्टर नाही. उपचार ठरवणं कॅन्सरतज्ज्ञांचं काम. पण चुका कुठे होतात ते मी खुर्चीच्या अलीकडच्या बाजूने पाहिलं आहे, आणि त्यातल्या बऱ्याचशा आमच्याच आहेत.

नाव न विचारणं

'ओव्हरीचा कॅन्सर' हा एक आजार नाही. दहातल्या साधारण नऊ जणींना जो होतो तो ओव्हरीच्या वरच्या आवरणातल्या पेशींचा. उरलेल्यांत वेगळीच मंडळी असते: अंडपेशींपासून होणाऱ्या गाठी, ज्या बहुधा शाळा-कॉलेजातल्या मुलींना होतात, हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठी, ज्यात वहिनींची आली, आणि दुसरीकडून ओव्हरीत येऊन बसलेल्या गाठी. यांची पसरण्याची चाल वेगळी, औषधं वेगळी, तपासायच्या रक्तचाचण्याही वेगळ्या. शेजारच्या काकूंना जी केमो दिली तीच आपल्याला का नाही, असं विचारण्यात म्हणूनच अर्थ नाही.

डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा फक्त ऑपरेशनचं नाव असतं. गाठीचं नाव असतं हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टात, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहिलेल्या रिपोर्टात, आणि तो टाके काढायच्या सुमारास किंवा नंतरही येतो. टाके निघाले की माणसं गावी जातात आणि रिपोर्ट तिथेच राहतो. छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोलीहून आलेल्यांचं तर हे हमखास होतं. रिपोर्ट हातात घ्या आणि तीनच गोष्टी विचारा: प्रकार कोणता, कुठवर गेला होता, काढताना किंवा आधीच फुटली होती का.

ब्लॉक उन्हात ठेवणं

गाठीचा तुकडा मेणात बसवून जपतात, तो ब्लॉक. अंगठ्याच्या पेराएवढा, प्लास्टिकच्या जाळीदार डबीवर चिकटलेला, कडेला नंबर. याच ब्लॉकमधून नवी स्लाइड कापता येते, दुसरं मत घेता येतं, वर्षांनंतर नवी चाचणी करता येते. मोठ्यांच्या ग्रॅन्युलोसा गाठीत फॉक्सएल-२ नावाच्या जनुकातला एकच ठराविक बदल जवळजवळ नेहमी सापडतो, हे कळलं २००९ साली, म्हणजे वहिनींच्या ऑपरेशननंतर वर्षभराने. ब्लॉक असता तर सव्वा महिन्याची धावपळ वाचली असती. तो नव्हता. लॅब जन्मभर ब्लॉक सांभाळत नाहीत.

ब्लॉक मागून घेतला तरी नागपुरात एक वेगळीच पंचाईत आहे. हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात बंद कारच्या डॅशबोर्डवर तेवढी उष्णता सहज होते. एका भाऊंनी बायकोचे ब्लॉक काचेमागे ठेवून दुपारचं जेवण उरकलं. परत आले तर डबीत मेण पसरलेलं आणि तुकडे सरकलेले. मुंबईला टाटात नेत असाल तर ब्लॉक हातातल्या पिशवीत, स्लाइड कापसात गुंडाळून कडक डबीत, आणि दिलेल्या नंबरांची यादी सोबत.

त्याच्याही आधीची चूक ऑपरेशन थिएटरच्या दारात होते. "हे लॅबला द्या" म्हणून नातेवाइकाच्या हातात बरणी येते. आत फॉर्मेलिन, म्हणजे तुकडा सडू न देणारं द्रव हवं, आणि गाठीच्या कितीतरी पट हवं. एकदा मोठी गाठ सलाईनच्या पाण्यात, अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबून दिलेली मी पाहिली आहे. रात्रभरात ती आतून सडते आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कितीही हुशार माणूस बसला तरी तो तरी काय वाचणार? बरणीत काय आहे ते सरळ विचारा. त्याच दिवशी पोचवा.

"पाळी परत आली"

२००८ च्या ऑपरेशनच्या आधीची गोष्ट. वहिनींना पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, आणि पुन्हा लाल दिसायला लागलं. त्या हसून म्हणाल्या, "काही नाही हो बाई, जवान होऊन राहिली मी." आम्हीही हसलो. सहा महिने हसलो.

ग्रॅन्युलोसा गाठ इस्ट्रोजेन बनवते. त्याने गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं आणि रक्त जातं. म्हणजे लक्षण पिशवीचं आणि दुखणं ओव्हरीचं. क्युरेटिंग करून, म्हणजे पिशवी आतून खरवडून, "अस्तर जाड होतं, काढलं" एवढ्यावर थांबू नका. ओव्हरी पाहिली का, हे विचारा. लहान मुलीला सहा-सात वर्षांच्या वयात स्तन वाढणं किंवा रक्त जाणं दिसलं, तर त्यामागेही कधीकधी अशीच गाठ असते. ते 'लवकर मोठी झाली' म्हणून सोडायचं नसतं.

एकाच मार्करवर सगळं सोडणं

मार्कर म्हणजे गाठीचा माग देणारी रक्तचाचणी. त्यातला सीए-१२५ हा आकडा लोकांना पाठ असतो. ३५ च्या खाली म्हणजे सुटलो, वर म्हणजे संपलो. दोन्ही चूक. दुर्मीळ गाठींत तो बऱ्याचदा नॉर्मल असतो. ग्रॅन्युलोसासाठी इनहिबिन बी आणि एएमएच पाहतात. अंडपेशींच्या गाठींसाठी एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. उलट सीए-१२५ वाढायला एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं) पुरतो, पाळीचे दिवस पुरतात आणि आपल्याकडे पोटाचा टीबी तर नक्कीच पुरतो. टीबीत पोटात पाणी, पोटाच्या आतल्या अस्तरावर दाणे आणि वाढलेला सीए-१२५, असं हुबेहूब पसरलेल्या कॅन्सरसारखं चित्र दिसतं. तुकडा तपासल्याशिवाय कुणी 'शेवटची स्टेज' म्हणत असेल, तर थांबा.

बीटा एचसीजीबद्दल थोडं सविस्तर सांगते. सतरा वर्षांची पोरगी, पोट वाढलेलं, घरच्या घरी केलेल्या प्रेग्नन्सी टेस्टवर दोन रेघा. पुढचे तीन दिवस त्या घरात काय झालं ते मी लिहिणार नाही. चौथ्या दिवशी सोनोग्राफीत गर्भ नव्हता, गाठ होती. काही अंडपेशींच्या गाठी तेच हार्मोन बनवतात जे गरोदरपणात बनतं, म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह येते. आधी सोनोग्राफी करा, मग पोरीला काय बोलायचं ते बोला. बहुतेक वेळा बोलायला काही उरतच नाही.

या अंडपेशींच्या गाठी झपाट्याने वाढतात, पोटात, लसिकाग्रंथींत, फुप्फुसांपर्यंत जातात. तरीही केमोला फार चांगली दाद देतात, अगदी पसरलेल्या असल्या तरी. म्हणून तरुण मुलीची दोन्हीकडची ओव्हरी आणि पिशवी घाईने काढणं ही मोठी चूक. बहुधा एका बाजूची ओव्हरी काढून बाकी ठेवता येतं. "लग्नाचं काय?" या प्रश्नाने घाबरून ऑपरेशन लांबवू नका, उलट तोच प्रश्न ऑपरेशनआधी सर्जनला स्पष्ट विचारा. आणि केमोची २१ दिवसांची तारीख लग्नकार्यासाठी, पेरणीसाठी पुढे ढकलू नका.

दोन्ही बाजूंच्या गाठी, आणि पोटाकडे दुर्लक्ष

दोन्ही ओव्हरींत घट्ट गाठी दिसल्या, की त्या पाहुण्या आहेत का हे आधी बघायला हवं. १८९६ साली फ्रीडरिश क्रुकेनबर्ग या जर्मन डॉक्टरने अशा गाठींचं वर्णन केलं तेव्हा त्यालाही त्या ओव्हरीच्याच वाटल्या होत्या. बहुतेक जठरातून येतात हे नंतर उमगलं. आतडं, अपेंडिक्स, स्तन इथूनही येतात. मूळ सोडून फक्त ओव्हरी काढली तर आजार जागच्या जागी राहतो. वर्षभर अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली, वजन उतरलं, दोन घासांत पोट भरतं, हे सगळं स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. बायका तिथे पाळीचंच बोलतात, जेवणाचं नाही.

सुई आणि पाणी

ओव्हरीपुरत्या मर्यादित गाठीत 'बघू तरी' म्हणून सुई घालू नये. आवरण फुटून पेशी पोटात सांडल्या, तर पहिल्या स्टेजमधलीच गाठ एक ए वरून एक सी होते, आणि कधी त्यामुळे केमो वाढते. दुर्बिणीने काढायची असेल तर न फोडता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. गाठ आधीच पसरलेली असेल तर गोष्ट निराळी. तिथे सुईने तुकडा घेणं हाच रस्ता असतो.

पोटातलं किंवा छातीतलं पाणी काढलं, तर बादलीत ओतू देऊ नका, तपासणीला पाठवा. पाणी म्हणजे पसरलाच असंही नाही. ओव्हरीच्या फायब्रोमातही, म्हणजे कॅन्सर नसलेल्या साध्या गाठीतही, पोटात आणि छातीत, बहुधा उजवीकडे, पाणी होतं आणि गाठ काढली की ओसरतं. याला मेग्ज सिंड्रोम म्हणतात.

उलट्या सुरू आणि गॅस जाणं पूर्ण बंद, एकाएकी असह्य कळ, एकच पाय सुजणं, आडवं पडलं की दम लागणं: यात सकाळची वाट बघायची नाही.

पाच वर्षं झाली, सुटलो

इतर कॅन्सरांचा हा हिशोब ग्रॅन्युलोसाला लागू नाही. ती दहा, वीस वर्षांनीही परत येते, हळूहळू वाढते, आणि पुन्हा ऑपरेशन करून काढता येते. वहिनींची काढली. आता दर सहा महिन्यांनी इनहिबिन आणि तपासणी.

टेराटोमाच्या, म्हणजे अंडपेशींच्या गाठींतल्या एका प्रकाराच्या, काही जणींत केमोनंतर मार्कर खाली येतो आणि गाठी मात्र वाढतात. घरचे म्हणतात औषध लागू पडलं नाही. तसं नसतं, उरलेली गाठ साध्या, पक्व पेशींची असू शकते. ती केमोला बधत नाही, काढावी लागते. आणि ज्यांना केमोत ब्लिओमायसिन नावाचं औषध दिलं आहे, त्यांनी पुढे कधीही, अगदी हर्नियाच्या ऑपरेशनलासुद्धा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगायचं. ते औषध फुप्फुसांना लागतं आणि जास्त ऑक्सिजनने त्रास वाढू शकतो.

वहिनींचे २०२१ चे ब्लॉक आता घरीच आहेत. उत्तरेच्या खोलीत, गोदरेजच्या कपाटात, तळाच्या कप्प्यात, पैठणीखाली. दिवाळीच्या साफसफाईत नव्या सुनेने डबी काढून विचारलं, "आई, हे काय आहे?"

"माझा गोळा आहे," वहिनी म्हणाल्या. "ठेव जिथल्या तिथे. आणि नाव लिहिलंय वर, ते वाचून घे."