काटा आधी पालथा करा

फ्रान्समधल्या जुन्या बाजारात चांदीचा काटा हातात आला की मी तो आधी पालथा करते. इथे काटे ताटाशेजारी पालथेच मांडायची रीत, म्हणून मालकाची आद्याक्षरं पाठीवर कोरलेली असतात. ती बघून हरखू नका. शोधायचे ते ठसे.

दहापट भिंग जवळ ठेवा. कारागिराचा ठसा शंकरपाळ्याच्या आकाराचा, आत त्याची अक्षरं आणि बारीकसं चिन्ह. सरकारी ठशात शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा देवी. ती १८३८ पासूनची. तिच्यासोबत १ असेल तर हजारात ९५० भाग चांदी, २ असेल तर ८००. अगदी बारक्या वस्तूंवर देवी मावत नाही. तिथे रानडुकराचं डोकं (पॅरिस) किंवा खेकडा (बाकी फ्रान्स).

ठसा सरळ चौकोनी असेल तर तो नुसता चांदीचा मुलामा. नाक मुरडू नका. क्रिस्तोफ्ल या फ्रेंच कंपनीने १८४२ मध्ये विजेने मुलामा चढवण्याचे हक्क घेतले, आणि पुढे खुद्द फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या मेजवानीचं टेबल त्यांच्याच मुलाम्याने सजलं. मात्र त्याला चांदीचा भाव देऊ नका.

आता सफाई. सुऱ्या वेगळ्या काढा, हे मी पस्तावून सांगते. मूठ म्हणजे नुसता पातळ पत्रा, आत राळ भरलेली. मी सहा सुऱ्या कढत पाण्यात टाकल्या. थोड्या वेळाने दोन पाती हातात आली आणि मुठीतून काकवीसारखं काळं काहीतरी ओघळलं. कोमट पाण्याने ओला फडका, तोही पटकन फिरवायचा, बस्स.

काट्याचमच्यांना इथे ‘ब्लां द मदों’ लावतात, म्हणजे अगदी मऊ पांढऱ्या खडूची पूड. पाण्यात कालवून सुती कापडाने लांबीच्या दिशेने चोळा. आई फोनवर म्हणाली, “रांगोळीनं घास की!” पण रांगोळी खरखरीत, नक्षीतल्या पाकळ्यांच्या कडा बोथट होतात. सोनेरी मुलाम्याच्या चमच्यांना तर पूडही नको.

पानाफुलांच्या खाचांतला काळेपणा राहू द्या. त्याच्यामुळेच नक्षी उठून दिसते. ॲल्युमिनियमचा कागद आणि सोडा घातलेल्या पाण्यात बुडवलात तर तो सगळा जातो, आणि दीडशे वर्षांचा काटा कालच्या स्टीलसारखा दिसतो.

ठेवताना प्रत्येक नग सुती कापडात गुंडाळा. डझनभर चमचे रबरबँडने बांधू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते. माझ्या एका चमच्याच्या मानेवर ती रेघ अजून आहे.